दोन थापा

स्पर्धा-संकुलाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत वैजयंता मगदूम गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. वय तेहतीस, जागतिक स्पर्धेतली तीन रौप्यपदकं, आणि आज संध्याकाळी चौथी अंतिम कुस्ती. तीच शेवटची. खरं तर तिला आता सुवर्णापेक्षा झोपेची ओढ जास्त होती, पण अण्णांना शब्द दिला होता.

डॉ. इरावती लेले यांनी पडद्यावर दोन आलेख एकावर एक ठेवले. ते तंतोतंत जुळले.

"हा तुमचा, हा आजच्या तुमच्या प्रतिस्पर्धी आयगुलचा. तिच्या शरीरात तुमची स्नायुस्मृती आहे. तीन वर्षांपूर्वी आपण नोंदवली होती तीच. संशोधनासाठी खुली ठेवायला तुम्हीच सही दिलीत."

"म्हणजे माझे डाव तिला येतात."

"नुसते डाव वेगळे काढता येत नाहीत हो. अंगाला लागलेली सवय सगळीच्या सगळी जाते. ती का लागली, ते मात्र जात नाही. आणि ती पुसताही येत नाही. अनुभवानंच मोडते, कधी हळूहळू, कधी एका दणक्यात."

वैजयंताने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. "मग दोन थापाही गेल्या असतील."

अण्णा तिचे वडील आणि गावच्या तालमीचे वस्ताद. तालमीत मुलगी ही एकटीच, म्हणून त्यांनी नियम घातला होता. त्यांनी मांडीवर दोन थापा मारल्या की पकड तिथल्या तिथे सोडायची आणि मान खाली घालायची. मग ते दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवत. पुढेपुढे डोक्यात विचार यायच्या आत हात सुटू लागले.

"पण थापा ऐकून तुमचीही पकड सुटेल की," डॉक्टर म्हणाल्या.

"पकड सुटंल. मान नाही वाकायची. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. नव्या वस्तादांनी थापा ठेवल्या, हात फिरवणं ठेवलं नाही. सहा महिने मान वाकत होती, मग वाकायची राहिली."

संध्याकाळी शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा आयगुल पाच-चार अशी पुढे होती. वैजयंताचा पाय तिच्या मिठीत होता आणि गुडघा ठणकत होता. वैजयंताने मांडीवर दोन थापा मारल्या. पंचांना वाटलं, दमलेली बाई शड्डू ठोकतेय.

आयगुलची पकड सुटली. गुडघ्यांवर बसलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरीने मान खाली घातली आणि डोळे मिटले. ती कुणाची तरी वाट पाहत होती.

वैजयंताने ती मान बगलेत आवळली आणि तिला उलथवलं. दोन गुण मिळाले, भोंगा वाजला.

पदकं गळ्यात पडल्यावर आयगुलने तिचा हात हातात घेतला. कानातल्या श्रवणदुभाषीतून मराठी शब्द आले, "पकड का सुटली, कळलं नाही. पण त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. कुणीतरी येणार होतं का?"

"माझे वडील," वैजयंता म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने मोकळ्या हाताने मांडीवर हळूच दोन थापा मारल्या आणि तोच हात आयगुलच्या डोक्याकडे नेला. दोघींची बोटं एकदमच सैल पडली.

आयगुलची मान ताठच राहिली. वैजयंताने हात खाली घेतला.