फोटो जुळत नाही

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाच्या टाळ्या नकोत. हे माझ्या सख्ख्या दिराच्या बाबतीत घडलं, आणि मी तिथेच उभी होते.

शनिवारची संध्याकाळ. गाण्याच्या कार्यक्रमांचं मोठं सभागृह. बाहेर चांगलं ऊन होतं, म्हणजे अंधारात भास झाला असंही कुणी म्हणू नये.

मी तिथे दारावर बायकांच्या पर्सा तपासते. माझ्या अलीकडे, रांगेच्या तोंडाशी टेबलावर भाऊजी बसायचे. ओळखपत्र बघायचं, फोटो तोंडाशी जुळवायचा, आत सोडायचं. ही नोकरी मीच लावून दिली होती. माकडाच्या हाती कोलीत दिलं, दुसरं काय!

खोटं वाटलेलं कार्ड व्यवस्थापकाकडे द्यायचं, असा नियम. भाऊजींनी स्वतःची पद्धत काढली होती. टेबलावर कात्री ठेवायचे. माणसादेखत कार्डाचे दोन तुकडे करायचे, बरोबर फोटोच्या मधून. "फोटो जुळत नाही. बाजूला व्हा." मागची रांग खिदळायची. त्या खिदळण्यानेच त्यांचं पोट भरायचं.

आधीच्या कार्यक्रमाला एक मुलगी आली होती. गाल सुजलेले, धाप लागलेली.

"दादा, माझंच कार्ड आहे हो. दम्याच्या औषधांनी तोंड सुजलंय. भाऊ आत गेलाय, माझा पंप त्याच्या बॅगेत आहे."

"सगळ्यांचेच भाऊ आत असतात," भाऊजी म्हणाले.

कात्री चालली.

"अहो, तिला श्वास लागलाय! डोळे फुटले का तुमचे?" मी ओरडले.

"वहिनी, तुम्ही पर्सा बघा. असली नाटकं मी रोज बघतो."

मी रांग सोडून आत धावले. त्या गर्दीतून तिच्या भावाला शोधून, ओढत बाहेर आणलं. तोवर ती पायरीवर बसल्या बसल्या गेली होती.

कार्ड खरं होतं.

व्यवस्थापकाने प्रकरण दाबलं. भाऊजी माझ्या घरी येऊन पोटभर जेवले. "मी माझं काम केलं," एवढंच म्हणाले. मला त्यांची किळस आली.

तर, तो शनिवार...

रांग लागली होती. माझी वॉकीटॉकी खरखरली. मग खरखर थांबली, आणि...

श्वास ऐकू आला.

बारीक शीळ वाजल्यासारखा. ओढून ओढून घेतलेला.

"वहिनी, नीट श्वास घ्या की! कानात वाजतंय," भाऊजी टेबलावरून ओरडले.

"मी नाही," मी म्हटलं.

त्यांच्यासमोर एक टकले गृहस्थ उभे होते. भाऊजींनी कार्ड बघितलं. पुन्हा बघितलं.

"हा फोटो मुलीचा आहे."

रांग हसली. गृहस्थही हसले. मी पुढे होऊन पाहिलं. कार्डावर त्यांचाच फोटो, तेच टक्कल.

पुढची बाई आली. "हाही तिचाच!" मग एक जोडपं आलं. "हाही... हाही!"

आता कुणी हसत नव्हतं.

भाऊजींनी स्वतःच्या गळ्यातलं कार्ड उलटवलं. पाहिलं. आणि विंचू चावल्यासारखं फेकून दिलं.

मी त्यांना गाडीत घालून त्यांच्या घरी आणलं. वाटेत ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. मला वाटलं, मनाला लागलंय, बरं झालं, लागायलाच हवं होतं.

दार धाकट्या जावेने उघडलं. भाऊजी तसेच आत गेले. आत त्यांची तान्ही मुलगी झोपली होती. काय झालं ते विचारायला धाकटी माझ्याजवळ जिन्यात आली, आणि मागे दार बंद झालं.

कडी लागली.

"अहो, दार उघडा. पिल्लू आत आहे."

"ओळखपत्र," आतून आवाज आला.

"हे काय भलतंच? मी आहे मी, तुमची बायको!"

"ओळखपत्र दाखवा."

धाकटी रडायला लागली. मी माझी पर्स उपसून कार्ड काढलं, दारातल्या काचेच्या भोकासमोर धरलं.

"फोटो जुळत नाही. बाजूला व्हा."

माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात खाली जिन्यात पावलं वाजली. सावकाश. प्रत्येक पायरीवर थांबून, दम खात...

आम्ही वाकून पाहिलं.

जिन्यात कुणी नव्हतं.

पावलं वर आली. माझ्या खांद्याशी थांबली. आणि ती शीळ... अगदी कानापाशी.

कडी निघाली. दार उघडलं. भाऊजी आम्हा दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. चेहऱ्यावर, कामावर कुणाला आत सोडताना असतं तसं अदबीचं हसू.

"या ताई. तुमचा जुळतोय."

ते बाजूला झाले. वाट दिली.

धाकटीने झेप घेतली. पण दार तिच्या तोंडावर आपटलं. आत बाळ किंचाळलं. धाकटी दारावर डोकं आपटत होती, "माझं लेकरू द्या हो, काय हवं ते घ्या, माझं लेकरू द्या..."

मग आत एकदम शांत झालं.

शेजाऱ्यांनी दार तोडलं. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे सताड उघडे. जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत. बायकोला ओळखत नाहीत. ती भेटायला गेली की तोंड फिरवतात.

बाळ पाळण्यात शांत झोपलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आम्ही देवाचे आभार मानले.

आता धाकटी आणि बाळ माझ्याकडेच राहतात. डॉक्टर म्हणतात, पोरीची छाती स्वच्छ आहे, काही नाही, उगाच घाबरता.

पण ती झोपली की तिच्या श्वासाला बारीक शीळ येते. आणि काल मी पाळण्यावर वाकले, तर शीळ दोघींची होती... एक पुढे, एक मागे.

"ताई, दार नीट लावलंत ना?" धाकटी रोज विचारते.

"लावलंय गं," मी सांगते.

ते खरंच आहे. दार मी लावते. पण आता लावून काय उपयोग, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?