पहिल्या हाकेला

हिलाल पहिल्या हाकेला कधी वळत नसे. दहा वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान कामातून गेले होते. नूतन लग्न होऊन अमळनेरहून सुरतेतल्या डिंडोलीला आली, तेव्हापासून "अहो, अहो" करून तिचा घसा बसायची वेळ आली होती. तिसऱ्या हाकेला तो "उनू वं!", म्हणजे आलो गं, असं ओरडत यायचा, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा. नूतनला त्याचं काही वाटत नसे. नवरा कुणाचंच ऐकत नाही म्हटल्यावर आपलं वेगळं काय गेलं?

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरत धुऊनपुसून निघाली, तेव्हा तापीकाठचा इंग्रजांचा जुना सरकारी महालही लोकांना बघायला खुला झाला. कारखान्याच्या सुट्टीला दोघं गेली. सोबत शेजारच्या मालतीबाई होत्याच. त्यांच्याशिवाय चाळीतलं पान हलत नसे.

दरबाराचं दालन रिकामं होतं. उंच छत, ओल्या चुन्याचा वास, भिंतींवर काढून नेलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन. हिलाल पार टोकाच्या खिडकीशी नदी बघत उभा राहिला. मालतीबाई "ओ माय!" म्हणाल्या आणि दालनानं त्यांची "ओ माय" त्यांना परत दिली. त्या भलत्याच खूश झाल्या.

"नूतन, नाव ले ना वं! आठे मस्त घुमी."

नूतननं लाजत पदर सावरला.

"तापीच्या काठी बंगला इंग्रजांचा, हिलालरावांचं नाव घेते, मान राखते सगळ्यांचा."

उखाणा घुमला नाही. परत आलं ते नुसतं नाव, पुढचा 'राव' गाळून. सावकाश, कुणा दुसऱ्याच बाईच्या आवाजात.

"हिलाल."

आणि हिलाल वळला.

पहिल्याच हाकेला! त्याचा चेहरा असा उजळला होता, जसा नूतननं मांडवातही पाहिला नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागच्या दाराकडे बघत होता.

नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वगैरे नंतर, आधी ही भवानी कोण ते बघू! तिनं तरातरा जाऊन दार ढकललं. आत छोटी खोली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. फरशीवर धुळीचा जाड थर, त्यात एकही पाऊल नाही.

"कोन व्हती ती?" तिनं त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कोन?" तो हसला. "काही नई. चाल घर."

संध्याकाळी शेजारच्या शेडमधले माग चालू होते. नूतननं त्याला जेवायला वाढलं.

"अहो, भाजी?"

तो जेवत राहिला.

"अहो!"

तिला रडू फुटलं. मग तिनं सगळी लाज सोडली आणि जन्मात पहिल्यांदा त्याला नुसत्या नावानं हाक मारली, जीव तोडून.

"हिलाल!"

त्यानं मानही वर केली नाही.

थोड्या वेळानं त्याचा घास हातातच थांबला. मान उघड्या दाराकडे वळली. तोच उजळलेला चेहरा.

"उनू वं," म्हणत तो भरल्या ताटावरून उठला.

ओरडला नाही. दारातल्या त्या दुसऱ्या बाईलाच ऐकू जावं, इतक्या हळू म्हणाला.