बरोबर उत्तराची शिक्षा

घरी तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणणारा ओजस शाळेत तोंडातून अक्षर का काढत नाही? या कोड्यानं त्याच्या ताईचं, शर्वरीचं, डोकं पार भणाणून गेलं होतं. चंद्रावरच्या वसाहतीत शाळा एकच, वर्गही एकच. आजच्या चाचणीत ओजस बोलला नाही, तर शुक्रवारच्या यानानं त्याची रवानगी पृथ्वीवर, मावशीकडे. सात वर्षांचं पोर, आईबाबांना सोडून! शर्वरीला घास गिळवेना, की एका जागी बसवेना.

"अगं, किती येरझाऱ्या घालशील? मला गरगरायला लागलं," नाना म्हणाले. नाना म्हणजे तिचे आजोबा, मेंदूचे शास्त्रज्ञ. "ओजसला स्वमग्नता आहे (जग टिपण्याची मेंदूची वेगळी घडण). आजार नव्हे तो. आपला मेंदू नको ते आवाज बाजूला सारतो. त्याच्या मेंदूला ते जमत नाही, आवाज थेट अंगावर येतात."

"पण आमचा वर्ग तर शांत असतो!"

"मग चिमटेसरांची नोंद बघू."

चिमटेसर म्हणजे यंत्रशिक्षक. बोटं चिमट्यासारखी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. त्यांच्या स्मृतिपेटीतली (घडलेलं सगळं साठवणारा भाग) दृश्यं घरच्या पडद्यावर आली. पहिल्या दिवशी ओजसनं सात उत्तरं दिली होती, सगळी बरोबर! दुसऱ्या दिवशी तीन. पुढे एकही नाही.

"प्रत्येक उत्तरानंतर काय होतंय, ते बघ," नाना म्हणाले.

शर्वरीनं दृश्य पुन्हा लावून पाहिलं. उत्तर बरोबर आलं की अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या, ही तिथली रीत. त्यात सरांचे पोलादी हात आणि वर आवाज घुमवणारा घुमट. ठण्ण! ठण्ण! दर वेळी ओजस कान दाबून बाकाखाली; पुढच्या बाकावरच्या शर्वरीला ते कधी दिसलंच नव्हतं. आणि "माझ्या भावासाठी जोरात वाजवा हं, हुरूप येईल त्याला," असं सरांना सांगणारी कोण? तीच की!

"नाना, काय करून बसले मी! बरोबर उत्तराची त्याला शिक्षाच होत होती." तिला रडूच फुटलं.

"रडतेस कसली? पळ! चाचणीला दहा मिनिटं उरलीत."

ती धावत सुटली. वर्गात शिरताच तिनं एका दमात सांगून टाकलं: टाळ्या नकोत, हात वर करून नुसते हलवायचे. ओजसला प्रश्न लिहून द्यायचा, सवड द्यायची आणि 'माझ्याकडे बघ' म्हणून मागे लागायचं नाही.

"मला वाटलं, पुढचं त्याला येतच नाही," चिमटेसर म्हणाले.

मग ती बाकाखाली दडलेल्या ओजसजवळ बसली. "आज टाळ्या नाहीत. कुणीही वाजवणार नाही."

सरांनी पाटी बाकाखाली सरकवली. 'चंद्राचा एक दिवस म्हणजे पृथ्वीचे किती?' एक मिनिट गेलं. दोन गेली. शर्वरीचा जीव टांगणीला लागला.

"साडेएकोणतीस," बाकाखालून आवाज आला.

बरोबर! शर्वरीचे हात असे शिवशिवले की तिनं ते मांडीखाली दाबून धरले. वर्गभर हात मुकाट हलत होते. ओजसनं डोकं बाहेर काढून सगळ्यांचे हात नीट न्याहाळले.

"पुढचं विचारा," तो म्हणाला.