चंडोलच्या पोटातला पाना

अशी कोणती वस्तू आहे सांगा, जी अडचणीत शिरताना मऊ असते आणि काही उचलायची वेळ आली की कडक होते? घाई करू नका. कस्तुरीलाही ते पटकन सुचलं नव्हतं, आणि सुचेपर्यंत व्हायचा तो घोळ होऊन बसला होता.

टेंभुर्लीच्या माळावर एक छोटी धावपट्टी होती. एव्हाना सगळी विमानं विजेवर उडायला लागली होती, पण तिथल्या शेडमध्ये पेट्रोलवर चालणारं एक जुनं विमान अजून टिकून होतं. त्याचं नाव चंडोल. लांबच्या गावांना औषधं पोचवायची आणि येताना आजारी माणसाला घेऊन यायचं, हे त्याचं काम. कस्तुरीच्या विलासआजोबांनी उभा जन्म त्याची देखभाल करण्यात घालवला. पण गंमत बघा, त्यात बसून ते एकदाही उडाले नव्हते! सीट दोनच. एक वैमानिकाची, दुसरी पेशंटची. पेशंट नसला की तिथे औषधांची खोकी.

आज सूर्य मावळला की चंडोलचा उडायचा परवाना संपणार होता. उद्या पंख सोडवून त्याला संग्रहालयात नेणार होते. म्हणून वैमानिक शहनाज इनामदार यांनी सकाळीच हुकूम सोडला होता, "काका, आजची शेवटची फेरी तुम्हाला घेऊन. सबब ऐकणार नाही!" आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेडच्या दाराला कस्तुरीने फुगे लावले होते.

काम एकच उरलं होतं. इंजिनाच्या पाठीमागे एक नळी ढिली झाली होती, तिचा नट आवळायचा होता.

"पण आजोबा, इतक्या अडचणीत नट बसवतातच कशाला?" कस्तुरीने विचारलं.

"विमान हलकं हवं आणि नाक निमुळतं हवं, म्हणून सगळं ठासून भरतात. हा पत्रा बघ, ही आगभिंत (इंजिनाला आग लागली तर ती माणसांपर्यंत जाऊ नये म्हणून घातलेला आडोसा). ही भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये माझा पंजा आता मावत नाही. तुझा हात जाईल."

त्यांनी करंगळीएवढा पितळी पाना तिच्या हातात दिला. त्याला बांधलेल्या लाल दोऱ्याचं दुसरं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलं. त्या शेडची रीतच होती तशी. इंजिनात जाईल ती प्रत्येक वस्तू दोऱ्याने मनगटाला बांधूनच जायची.

कस्तुरीने हात घातला. पण तो दोरा! कधी या नळीला अडकायचा, कधी त्या तारेला. दाराबाहेर ऊन कलायला लागलं होतं. आजोबांना उशीर होईल, या एका विचाराने तिने काय करावं? आजोबांची पाठ वळलेली बघून पान्याचा दोरा सोडून टाकला. नट आवळला गेला, अगदी घट्ट. आणि हात बाहेर काढताना पाना सुटला. टण्ण!

आजोबा वळले. तिच्या मनगटावरचा रिकामा दोरा त्यांना दिसला. ते रागावले नाहीत, नुसते स्टुलावर बसले. कस्तुरीला वाटलं, त्यापेक्षा दोन धपाटे दिले असते तर बरं झालं असतं.

"एवढासाच तर आहे," ती कशीबशी म्हणाली. "राहिला आत तर?"

"इंजिन थरथरतं, बाळा. थरथरताना तो सरकत सरकत इंधन कमी-जास्त करणाऱ्या दांडीत जाऊन बसला तर? वर आभाळात कुणाला हाक मारायची? पाना बाहेर आल्याशिवाय चंडोल हलणार नाही."

शेडमधला मदतनीस यंत्रमानव भोजू पुढे आला. त्याने डोळा बसवलेली बारीक तार आत सोडली. समोरच्या पडद्यावर पाना दिसला, दोन नळ्यांच्या खाली एका खोबणीत पडलेला. भोजूची लोखंडी बोटं मात्र पहिल्याच वळणावर अडली. "मला कोपर एकच दिलंय," तो म्हणाला, "तक्रार बनवणाऱ्याकडे करा." मग तारेच्या टोकाला चुंबक लावून पाहिलं. तेही वाया गेलं, कारण पितळेला चुंबक ओढतच नाही. लोखंड लोखंडावर आपटलं की ठिणगी उडू शकते, म्हणून पेट्रोलजवळ मुद्दाम पितळी पाना वापरायचा. दोरीचा फास टाकून पाहिला, तर मऊ दोरी पाना पकडेचना. कडक वस्तू वळत नव्हती आणि मऊ वस्तू धरत नव्हती.

शहनाजताईंनी सगळ्यांसाठी कॉफी करायला घेतली. "कस्तुरी, रडणं थांबव आणि एवढं पाकीट फोड."

पाकीट विटेसारखं कडक होतं. कात्री लागताच फुस्स करून हवा आत शिरली आणि पाकीट मऊ पडलं. कस्तुरी बघतच राहिली.

"आजोबा! हे उलटं पण होईल ना?"

"म्हणजे?"

"हवा आत गेली की मऊ. मग हवा काढली की पुन्हा कडक!"

आजोबा ताडकन उठले. "अगं, का नाही होणार! हवा आपल्याला सगळ्या बाजूंनी दाबत असते. तो वातावरणाचा दाब (भोवतीच्या हवेने लावलेला जोर). पाकिटात हवा असते तेव्हा ती आतूनही तेवढंच रेटते, म्हणून कण मोकळे, एकमेकांवरून घसरतात. आतली हवा काढली की बाहेरचा दाब कणांना एकमेकांवर आवळतो. मग घर्षण (एकमेकांवर घासताना होणारा अडथळा) इतकं वाढतं की कण जागचे हलत नाहीत. सगळे जाम!"

मग काय, धावपळ उडाली. दाराचा एक फुगा काढून त्यात कॉफीची पूड भरली. तो चंडोलमधल्या सलाइनच्या नळीला बांधला. नळीचं दुसरं टोक भोजूच्या पोटातल्या केर ओढायच्या पंपाला. पंप सुरू होताच पूड नळीतून सरळ भोजूच्या पोटात! तो फटाफट शिंकला आणि शेडभर कॉफी उडाली. आजोबांनी रुमालाचा तुकडा फाडून नळीच्या तोंडाला गाळणी केली. पुढचा फुगा फार ठासून भरला गेला, तो पान्यावर पसरेचना. तिसऱ्यात पूड थोडी ढिली ठेवली.

मऊ फुगा नळ्यांमधून लोंबकळत खाली गेला आणि पान्यावर टेकला. आजोबांनी नळी हलकेच रेटली, तसा तो पान्याच्या अंगाअंगाशी पसरला. "ओढ!" भोजूने हवा ओढली. फुगा कडक झाला आणि पान्याला घट्ट धरून बसला.

पाना बाहेर आला. पण बाहेर माळावरचं ऊन तांबूस झालं होतं.

शहनाजताईंनी आभाळाकडे पाहिलं. "काका, एक छोटीशी चक्कर मारू. उतरेपर्यंत थोडा अंधार पडेल, एवढंच. कोण बघतंय?"

आजोबांनी चंडोलच्या पंखावर हात ठेवला. किती मोह झाला असेल त्यांना! पण ते म्हणाले, "पान्यासाठी दुपार घालवली ती नियम होता म्हणून. आता परवान्याचा नियम मोडू?"

मग शहनाजताईंनी त्यांना आत बसवलं. इंजिन गुरगुरलं. चंडोल धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरूनच गेला, वळला आणि हळूहळू परत आला. कस्तुरीला वाटत होतं, आता उचलेल, आता उचलेल. चाकं जमिनीवरच राहिली.

आजोबा उतरले तेव्हा ती त्यांना बिलगली. "माझ्यामुळे राहिलं. माझ्यामुळेच."

"हो, राहिलं," आजोबा म्हणाले. "वाईट वाटतंय मला, खोटं कशाला सांगू? पण दुपारी तू जे शोधलंस ना, ते मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं. विजेच्या विमानांतही अडचणीच्या जागा असतातच. आणि उद्या तुझा हातही मोठा होईल. तेव्हा त्या फुग्याचा नीट हात बनव."

"बनवीन. आणि विजेच्या विमानातून तुम्हाला नेईन."

"ने की. शर्ट इस्त्री करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंडोलचे पंख सोडवायचे होते. आजोबांनी पाना पुढे केला, तसा कस्तुरीने आधी दोरा मागितला.

"आता कशाला?" भोजूने विचारलं. "हा तर परत उडणार नाही."

कस्तुरीने पान्याला दोरा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मनगट आजोबांपुढे धरलं.