एकशे चाळीसच्या आत

अभिजीत, गच्चीचं दार लोटून घे. आणि श्रुती, तुला मध्येमध्ये "हे शक्यच नाही काका" म्हणायचं असेल तर आत्ताच खाली जाऊन अभ्यास कर. मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, रात्रीच्या ड्युट्या केल्या, मला कधी काही दिसलं नाही. ही गोष्ट सांगतोय ती फक्त अमोलला ओळखतो म्हणून. देवास गेटमागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. माझी स्कूटर बारा वर्षं त्याच्याच हातात होती. खोटं बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे त्याचे. अशा माणसानं आयुष्यात एकदा लबाडी केली, तीही तोंडानं नाही, पान्यानं.

बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार, आणि अमावास्या. रात्री साडेदहाला अमोल गॅरेजचं शटर ओढून निघाला. काम साधं होतं. रुचिरची रेसिंगची मोटारसायकल देवास रोडवरच्या एका गोदामात न्यायची, तिथल्या मोठ्या काट्यावर तोलायची आणि परत यायचं. दिवसा त्या काट्यापुढे सोयाबीनच्या पोत्यांची रांग असते, म्हणून रात्रीची वेळ. रुचिर मोटारसायकलवर पुढे, अमोल आपल्या स्कूटरवर मागे.

हा रुचिर नानाखेड्यातल्या एका बँकवाल्यांचा धाकटा मुलगा, अंगानं थोराड, पंजे सुपाएवढे. गाडी हलकी करायचं वेड लागलं होतं त्याला. नवी आली तेव्हा तिचं वजन एकशे सत्तर किलो. याला हवं होतं एकशे चाळीसच्या आत, कारण रविवारी इंदूरला शर्यत होती. अमोलनं सायलेन्सर बदलला, बॅटरी काढून मुठीएवढी बसवली, आरसे काढले, स्टँड काढलं, बोल्टांना सुद्धा आरपार भोकं पाडली. निघालेला प्रत्येक तुकडा तो स्प्रिंगच्या काट्याला टांगायचा आणि किती ग्रॅम गेले ते खडूनं भिंतीवर लिहायचा. आता पोरांना याचं कौतुक वाटतं, मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण हे झालं दुसऱ्यांदा काढलेलं. पहिल्यांदा काढलं होतं दिवाळीच्या आधी, आणि तेव्हा सगळ्यात पहिल्यांदा निघाली मागच्या चाकाजवळची साडीची जाळी, पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती. मग मागचे फूटरेस्ट. मग मागे बसणाऱ्यानं धरायची दांडी. मागची सीट तेवढी राहिली. ती उद्या काढू म्हणून रुचिर गाडी तशीच घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहिनीला, मीनाला, देवास गेटच्या बसस्टँडवर जायला उशीर होत होता.

"बसा ना वहिनी, मी सोडतो. किती वेळ लागतो?"

"अरे पण पाय कुठे ठेवू? इथे तर काहीच नाहीये."

"लटकू द्या. आत्ता येईल देवास गेट."

देवास गेट आलंच. अमोलच्या गल्लीच्या तोंडाशी मीनाचा पदर चाकात गेला. खांद्याला पिन लावलेली, पदर सुटेना. तो गळ्याभोवती आवळला आणि तिला मागे खेचून घेतलं. डोकं रस्त्यावर आपटलं, आणि रुचिरला समजून ब्रेक लागेपर्यंत चाकानं तिला वीस पावलं फरफटत नेलं. अमोल ब्लेड घेऊन धावला, पदर कापला. तोवर गळा... जाऊ दे. चौतीस वर्षांची होती.

लोकांनी तिला ऑटोत घातलं आणि गाडी अमोलच्या गॅरेजात ओढून ठेवली. पोलीस यायच्या आत रुचिर दवाखान्यातून परत आला आणि अमोलच्या पायांवर पडला. "जाळी लाव रे अमोल. नाहीतर मी संपलो." अमोलनं अकरा मिनिटांत जाळी, फूटरेस्ट, दांडी, सगळं जागच्या जागी बसवलं. पोलिसांनी पाहिलं, गाडीत काहीच कमी नव्हतं. मग चूक बाईची, पदर सैल सोडला. तेराव्याला मीनाचा नवरा सुमीत, म्हणजे रुचिरचा सख्खा मोठा भाऊ, सगळ्यांसमोर रडत म्हणाला, "मी शंभर वेळा सांगायचो तिला, पदर खोचून बसत जा. ऐकायचीच नाही."

अमोल त्याच पंगतीत बसला होता.  मला त्याचा राग येतो तो इथे. घाबरून जाळी लावली, समजू शकतो. पण मेलेल्या बाईवर तिच्याच नवऱ्याच्या तोंडून खोटा ठपका बसला आणि हा मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानंतर रोज सकाळी ठरवायचा, आज सुमीतला खरं सांगून टाकतो. रोज रात्री शटर ओढून घरी जायचा. आणि रुचिरनं काय करावं? गाडी पोलिसांकडून सुटून आली तशी पुन्हा गॅरेजात उभी केली. म्हणाला, "शर्यत आहे यार. काढ सगळं, या वेळी सीट पण काढ."

तर त्या रात्री गोदामात एकच पिवळा दिवा होता. चौकीदार गोपाळ शेकोटीवरून उठला आणि त्यानं काटा चालू केला. गाडीला स्टँड नव्हतं, म्हणून अमोल तिच्या डाव्या बाजूला, काट्याच्या बाहेर, हँडल तोलून उभा राहिला. लाल आकडा थरथरला आणि थांबला. एकशे एकोणचाळीस.

"बोललो होतो ना!" रुचिरनं आरोळी ठोकली. "हवा आहे, हवा!"

गोपाळ डोळे बारीक करून गाडीकडे बघत होता. सावकाश म्हणाला, "भिया, पहले पीछे वाली को तो उतारो."

मागे सीटच नव्हती. फायबरची निमुळती शेपटी होती नुसती. अमोलनं वळून पाहिलं. मागचा शॉकअप दबत होता. हळूहळू. साडी सावरून कुणी बसावं तसा. गाडी डावीकडे कलली, अमोलच्या अंगावर आली. आकडा चढायला लागला. एकशे पन्नास. एकशे सत्तर. एकशे त्र्याण्णव.

गोपाळ चपला तिथेच टाकून पळाला.

"काटा खराब आहे," रुचिर म्हणाला. आवाज फाटला होता.

"रुचिर, सुमीतकडे जाऊ. आत्ता. दोघं मिळून सांगू."

"काय सांगू? जाळी तू लावलीस. तू!"

"हो, मीच लावली. तेच सांगतो."

रुचिरनं हातातलं हेल्मेट फिरवलं ते सरळ अमोलच्या तोंडावर. भुवई फुटली, अमोल खाली कोसळला. मग बरगडीत लाथ. आणखी एक. आणखी एक. "तोंड उघडलंस तर गॅरेजसकट जाळीन तुला!" हेल्मेट तिथेच भिरकावून रुचिरनं आडवी पडलेली गाडी उचलली, तिच्यावर बसला आणि निघाला.

अमोल उठला. डोळ्यातलं रक्त बाहीनं पुसलं. स्कूटर सुरू केली. घरी नाही, सुमीतकडे. महिनाभरात जे झालं नव्हतं ते त्या तीन लाथांनी केलं.

नानाखेड्याकडे येणारा मागचा रस्ता त्या वेळी अगदी रिकामा असतो. एरवी रुचिरची गाडी स्कूटरला दिसली सुद्धा नसती. पण ती पुढेच होती. इंजिन किंचाळत होतं, रुचिर गिअरवर गिअर टाकत होता, आणि गाडी ओढत नव्हती. चढावर भरलेली हातगाडी चालावी तशी चालली होती.

मग रुचिरची मान मागे गेली.

आधी थोडी. मग आणखी. त्यानं एक हात सोडला, गळा चाचपायला लागला. स्कूटरच्या उजेडात अमोलला स्पष्ट दिसलं. गळ्याशी काही नव्हतं. काहीच नाही. बोटं मात्र ओढत होती... काहीतरी सोडवत होती...

"ब्रेक मार!" अमोल ओरडला. "रुचिर, ब्रेक!"

रुचिर सीटवरून उचलला गेला. मागे. खाली. चाकावर.

गाडी पडली नाही. चालत राहिली. त्याला घेऊन. त्याचे पाय रस्त्यावर आपटत होते. पाच पावलं. दहा. पंधरा. वीस.

मग पडली.

अमोल जवळ गेला. गळा हाडापर्यंत उघडला होता. डोळे उघडे. चाक अजून फिरत होतं, त्यात कापड नव्हतं, दोरी नव्हती, चिंधीसुद्धा नव्हती. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं फोन लावून ॲम्ब्युलन्सला जागा सांगितली. आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तो स्कूटरवर बसला.

स्कूटरचं मागचं चाक दबलं.

अमोलनं वळून पाहिलं नाही. आरशातही नाही.

"वहिनी," तो म्हणाला. "सांगायलाच चाललोय. आईची शप्पथ... तिथेच चाललोय."



स्कूटर निघाली. कमरेवर एक हात आला. डावीकडून. आधी नुसता टेकला. मग धरलं. नानाखेडा जवळ येत गेलं तशी पकड आवळत गेली. श्वास पुरेना. त्यानं वेग कमी केला नाही.

सुमीतचं घर. बेल. दिवा लागला. दार उघडलं. अमोलनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. जाळी नव्हती. फूटरेस्ट नव्हते. धरायला काही नव्हतं. मी नंतर बसवलं. मीनावहिनींची काही चूक नव्हती. आणि रुचिर... तिकडे रस्त्यावर...

सुमीत पायरीवर खाली बसला.

"मी तिला सगळ्यांसमोर..." एवढंच म्हणाला.

कमरेवरची पकड सुटली होती. कधी ते अमोलला कळलं नाही.

सकाळी ठाण्यात जबाब द्यायला जायच्या आधी तो माझ्याकडे आला. भुवईला टाके. हे सगळं त्यानं मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि मी कान बघत होतो, लाल झाले नाहीत. मग त्यानं शर्ट वर केला. "बघा काका, वहिनींनी असं धरलं होतं."

पोटावर चार बोटांचे वळ, काळेनिळे. अंगठा मागे, पाठीवर. मी चष्मा लावून वाकलो. मीना ठेंगणी, बारीक बाई होती, तिच्या लग्नात मी जेवलोय. मी माझा पंजा त्या वळांवर ठेवून पाहिला. माझा पंजा केवढा आहे ते तुम्ही बघताच. तरी तो लहान पडला, वळ चारी बाजूंनी बाहेर उरले. बाईचा हात नव्हता तो. आणि त्या रस्त्यावर दुसरा पुरुष एकच होता, तो मरून पडलेला होता.

अमोलला मी काही बोललो नाही. शर्ट खाली कर, एवढंच म्हणालो.