पन्हळीतली हिरवी वात

छप्पर गळत नव्हतं. एकही कौल फुटलेलं नव्हतं. तरीही पोटमाळ्यावरची मागची भिंत ओली होत चालली होती, आणि ते पाणी येतंय कुठून हे घरातल्या तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

तिघं म्हणजे अकरा वर्षांची कस्तुरी, तिचे आजोबा अण्णा आणि घोरपड. घोरपड हा यंत्रमानव होता, पण त्यात मानवासारखं फारसं काही नव्हतं. चार पाय, पायांना हवा शोषून चिकटणाऱ्या वाट्या, लांब मान आणि मानेच्या टोकाला कॅमेरा. छपरांच्या कामासाठी ग्रामपंचायतीनं तो आणला होता आणि या वर्षी त्याचा मुक्काम अण्णांकडे होता. अण्णा त्याला 'घोरपडे' म्हणत, एखाद्या जुन्या कारकुनाला हाक मारावी तसं.

दुपारचे तीन वाजले होते, पण आंबोलीच्या डोंगरातला आषाढ घड्याळाला जुमानत नाही. पोटमाळ्यावर दिवा लावावा लागला होता. त्या दिव्याच्या उजेडात ओल्या भिंतीवर टांगलेली एक करडी पेटी दिसत होती. सगळी काळजी त्या पेटीचीच होती.

अण्णा भूशास्त्रज्ञ (खडक, माती आणि जमीन यांचा अभ्यास करणारे). निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या डोंगरात खोलवर बारा नळ्या पुरल्या होत्या. डोंगराची माती सरकायला लागते त्याच्या आधी आतल्या आत बारीक करकर होते. माणसाला ती ऐकू येत नाही. नळ्यांना येते, आणि त्या ती तारांमधून या पेटीला सांगतात. गावात पेटीला नाव पडलं होतं 'कान'. कानाला करकर ऐकू आली की खालच्या वाडीतल्या अकरा घरांना इशारा जाई.

आणि कान बंद पडला तर? त्याचाही नियम होता. कान दहा मिनिटं गप्प राहिला की खालच्या वाडीतला भोंगा आपोआप वाजायचा. भोंगा वाजला की घर सोडून सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत यायचं. ऐकणारं कुणी नसेल तर तिथं थांबायचं नाही, असं अण्णांनीच ठरवलं होतं.

आज नेमकी कस्तुरीची आई खालच्या वाडीत होती. ती आरोग्यसेविका. सकाळपासून रेश्माकाकीच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळ काही बाहेर यायचं मनावर घेत नव्हतं.

"अण्णा, आता भोंगा वाजला तर रेश्माकाकीला तशीच उठवतील?"

"उठवावंच लागेल गो. खुर्चीत बसवून आणावं लागेल, या असल्या पावसात."

"कानाच्या आतला दमटपणा चौऱ्याऐंशी टक्के," घोरपडीचा आवाज कस्तुरीच्या गळ्यातल्या बिल्ल्यातून आला. तो मागच्या नव्या खोलीच्या पत्र्यावर पावसात उभा होता. "नव्वद झाला की कान बंद होईल. या वेगानं अठ्ठावीस मिनिटं."

पेटी हलवता येत नव्हती. बारा तारा भिंतीतून थेट तिच्या पोटात शिरल्या होत्या, आणि त्या सोडवून पुन्हा जोडायला पाऊण तास लागला असता. वरून प्लास्टिक टाकून झालं होतं. काही उपयोग झाला नव्हता, कारण पाणी वरून पडतच नव्हतं. ते भिंतीवरून पसरत होतं.

"पन्हळ भरून वाहतेय का बघ रे घोरपडे."

"नाही. पाणी पन्हळीच्या काठाच्या चार बोटं खाली आहे. एक थेंबही काठावरून सांडत नाही."

ही पन्हळ कुठं होती ते सांगायला हवं. जुन्या छपराचा उतार आणि नव्या खोलीच्या पत्र्याचा उतार जिथं एकमेकांना भेटतात तिथं, या मागच्या भिंतीच्या अगदी माथ्यावर, दोन वर्षांपूर्वी ती बसवली होती. दोन्हीकडचं पाणी तिच्यात जमायचं आणि नळीतून खाली टाकीत जायचं. पन्हळीच्या आतच पाणी असेल तर भिंत ओली कशी? चार बोटं उंच चढून, काठ ओलांडून, पाणी स्वतःच्या पायांनी आत आलं की काय?

कस्तुरीनं जमिनीवरचं पाणी पंचानं टिपून बादलीत पिळलं होतं. आता ती पुन्हा वाकली तर बादलीच्या बाजूला नवंच थारोळं.

"अण्णा, बादली गळकी आहे!"

"काल तर नव्हती."

तिनं बादली उचलली. बूड कोरडं. मग तिचं लक्ष पंचाकडे गेलं. पिळून झाल्यावर तिनं तो बादलीच्या काठावर टाकला होता. त्याचं एक टोक आत पाण्यात बुडालं होतं आणि दुसरं बाहेर जमिनीपर्यंत लोंबत होतं. त्या बाहेरच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. टप. टप. बादली अर्धीच भरलेली असतानाही.

कस्तुरीनं बाहेरचं टोक उचलून बादलीत टाकलं आणि ठिबकणं थांबलं. मग ती पेटीच्या मागे सरपटत गेली आणि वासे आणि भिंत यांच्या सांध्यात तिनं बॅटरीचा झोत टाकला. इतका वेळ जे काजळीसारखं काळं दिसत होतं ते हिरवं होतं. ओलं, दाट, मऊ. पन्हळीच्या काठावरून, कौलांच्या खालून शिरून, शेवाळाची एक जाड जीभ भिंतीवर वीतभर लोंबत होती. तिच्या टोकातून पाणी झिरपून कानाच्या पाठीत शिरत होतं.

"अण्णा! पंचा आहे! भिंतीवर हिरवा पंचा लोंबतोय!"

अण्णा गुडघे सांभाळत आले. पाहिलं. आणि कपाळाला हात लावला. "हे आलं कुठून? मे महिन्यात तर सगळं शेवाळ काढलं होतं."

"काढलं होतं," बिल्ल्यातून आवाज आला. "छपरावरून काढून पन्हळीत गेलं. मी तेव्हा विचारलं होतं, पन्हळही छपरातच मोजून साफ करायची का. कस्तुरीताई 'थांब हं' म्हणून आंबा खायला गेल्या. मी अजून थांबलोय."

कस्तुरीचे कान तापले. अण्णा तिच्या मदतीला धावले, पण तेही काही सुटले नाहीत. दर वैशाखात शाकारणी (छपराची कौलं काढून, झाडून पुन्हा रचणं) करताना त्यांच्या घरी आढ्यापासून खाली झाडत यायचं आणि सगळा कचरा अंगणात पाडायचा, अशी पद्धत होती. जुन्या छपराला पन्हळ नव्हतीच. मग झाडलेलं शेवाळ अंगणाऐवजी पन्हळीत पडेल, तिथल्या ओलीत पुन्हा जीव धरेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? शेवाळाचा एखादा तुकडाही पुरतो. त्याला खरी मुळं नसतात, नुसते पकडून ठेवणारे बारीक तंतू असतात. पाणी ते सगळ्या अंगानं पितं.

"शहाऐंशी," घोरपड म्हणाला.

"घोरपडे, ते ओढून काढ."

"प्रयत्न केला. पत्र्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर आहे. वाट्या चिकटत नाहीत. मी आता दोन पायांवर आहे आणि दोन पायांवर मला फार विचार करता येत नाही."

मग उरला एकच मार्ग, आतून. कौल खालून वर ढकललं की सरकतं. अण्णांनी काठीनं सगळ्यात खालच्या ओळीतलं एक कौल वर सरकवलं, मग दुसरं. भोकातून पाऊस सरळ आत आला. अण्णांनी चटकन पेटीवर जुनं इरलं (शेतात पावसात डोक्यावरून घ्यायचं पानांचं छप्पर) उपडं घातलं. पण दोन रिपांमधून (कौलं ज्या पट्ट्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) त्यांचा हात कोपरापर्यंतच गेला.

"माझा जाईल," कस्तुरी म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "फक्त हात. डोकं बाहेर काढायचं नाही. खांदासुद्धा नाही."

त्यांनी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कस्तुरीनं उजवा हात भोकातून बाहेर घातला. पावसाचे टपोरे थेंब मनगटावर खड्यांसारखे लागत होते.

अण्णा घाबरले की शिकवायला लागतात. आताही लागले.

"पाण्याला दोन खोडी असतात, कस्तुरी. एक म्हणजे ते दुसऱ्या वस्तूंना चिकटतं. ओलं बोट काचेला चिकटतं तसं. त्याला आसंजन म्हणतात (वेगळ्या पदार्थाला धरून राहणं). सापडलं का?"

"लागतंय हाताला. ओढतेय. तुटतंय हो, पुरतं येत नाहीये."

"मुळाशी धर. दुसरी खोड, पाण्याचे कण एकमेकांनाही धरून ठेवतात. ते संसंजन (आपल्याच जातीच्या कणाला धरून राहणं). आता फट केसासारखी बारीक असेल तर पाणी दोन्ही बाजूंना चिकटत चिकटत वर सरकतं आणि मागच्या कणांना हात धरून वर ओढून घेतं. फट जितकी बारीक तितकं जास्त उंच. याला केशाकर्षण म्हणायचं. समईच्या वातीत तेल चढतं ते असंच."

"सत्त्याऐंशी."

"आणि शेवाळात असल्या हजारो फटी," कस्तुरी धापा टाकत म्हणाली. "म्हणून चार बोटं चढलं."

"हो. पण नुसतं चढलं असतं तर काठाशी येऊन थांबलं असतं. पुढं काय झालं?"

"अण्णा, आत्ता परीक्षा?"

"बोल गो, बोलत राहा. बोललं की हात थरथरत नाही."

कस्तुरीनं डोळे मिटले. पंचा आठवला. आतलं टोक, बाहेरचं टोक. "बाहेरचं टोक खाली होतं. आतल्या पाण्यापेक्षा खाली. म्हणून काठ ओलांडल्यावर पाणी उताराला लागलं. आणि खाली जाणारं पाणी मागच्याला ओढत राहिलं."

"शाब्बास!"

"अठ्ठ्याऐंशी," घोरपड म्हणाला. मग जरा थांबून, "शाब्बास."

तेवढ्यात ती जीभ मुळापासून सुटली. कस्तुरीनं ती आत खेचली. हातभर लांब, भिजलेल्या गोधडीसारखी जड. अण्णांनी ती बादलीत टाकली आणि भिंतीवर उरलेले तुकडे पंचानं खरवडून काढले. पेटीची पाठ कोरडी पुसली.

"एकोणनव्वद."

"का? आता तर तोडली ना!"

"भिंतीत आधीच मुरलेलं पाणी आहे," अण्णा म्हणाले. "आणि पन्हळ अजून भरलेली आहे. पत्र्याच्या सांध्यातून ती झिरपत असणार. नळीचं तोंड मोकळं व्हायला हवं. पोहोचतंय का?"

कस्तुरीनं पुन्हा हात घातला. या वेळी पाण्याच्या तळाशी, चाचपडत. बोटांना नळीचं गोल तोंड लागलं, आणि त्यात घट्ट बसलेला, कडेनं जेमतेम पाणी सोडणारा शेवाळाचा बोळा. तिनं बोटं रुतवली. बोळा हलला नाही. तिनं तो आधी फिरवला, डब्याचं घट्ट झाकण फिरवतात तसा, आणि मग उपसला.

घशात अडकलेलं काही सुटावं तसा आवाज झाला. मग भिंतीपलीकडे, खाली, टाकीत पाणी धो धो कोसळायला लागलं.

अण्णांनी कौलं परत खाली सरकवली. पेटीजवळ पंखा लावला. दोघंही एकमेकांना चिकटून भिंतीला टेकून बसले आणि बिल्ल्याकडे बघत राहिले.

"एकोणनव्वद."

पाच मिनिटं गेली असतील.

"एकोणनव्वद."

"सारखं तेच काय सांगतोस रे?" अण्णा खेकसले.

"तुम्ही ऐकायला उत्सुक वाटलात." मग काही वेळानं, "अठ्ठ्याऐंशी."

कस्तुरी रडली नाही. तिनं फक्त ओल्या बाहीनं नाक पुसलं आणि बाहीला लागलेलं शेवाळ नाकाला लागलं.

चार वाजून वीस मिनिटांनी बाळ झालं. मुलगी. आईनं वॉकीटॉकीवर तेवढंच सांगितलं. आणि साडेपाचला कानाला पहिली करकर ऐकू आली.

बारीक होती, पण होती. अण्णांनी आकडे दोनदा तपासले. "घाई नाही," ते वॉकीटॉकीवर हळू, स्पष्ट बोलत होते, "तीन तास तरी आहेत हाताशी. बाळंतिणीला नीट गुंडाळून, बसवून आणा. पायरी-पायरीनं या. धावू नका."

कुणी धावलं नाही. अकरा घरांतली माणसं, चार म्हशी, एक शिलाई मशीन आणि दोन तासांची मुलगी, सगळे उजेड असतानाच शाळेत पोहोचले. रात्री डोंगराचा एक तुकडा खरोखरच घसरला. दोन गोठे गेले. गोठे रिकामे होते.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आई बाळाला अंघोळ घालत होती. कस्तुरी अण्णांच्या शेजारी बसून डोंगराच्या कोऱ्या लाल जखमेकडे बघत होती.

"अण्णा, डोंगर का घसरतो?"

"पोटात पाणी साठतं म्हणून. माती फुगते, जड होते, धरून राहत नाही."

"मग त्याला वाती लावल्या तर?"

"काय?"

"लांब वाती. एक टोक आत खोल, जिथं पाणी साठतं तिथं. दुसरं बाहेर, उतारावर, खालच्या बाजूला. पंचासारखं."

अण्णांनी हसायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. "फार हळू ओढतील त्या," ते म्हणाले, पण वाद घातल्यासारखं नाही.

"डोंगर पण हळूच भिजतो ना? जूनपासून लावून ठेवल्या तर?"

"वात कशाची घ्यायची? कुजणार नाही अशी हवी. किती अंतरावर? किती लांब?"

"ते मला काय माहीत, अण्णा. भूशास्त्रज्ञ तुम्ही."

अण्णांनी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. शेवटी त्यांनी पत्र्यावरून उतरून शाळेत आलेल्या घोरपडीची पाठ पुसली आणि तिच्यावरच डोंगराचा उतार काढायला सुरुवात केली.

"गुदगुल्या होतात," घोरपड म्हणाला.

"गप्प उभा राहा घोरपडे," कस्तुरी म्हणाली. "पहिली वात कुठं लावायची ते ठरतंय."