योग्य नाव

निवृत्त मुद्रितशोधक रोज सकाळी चहा घेता घेता आपण जिथे नोकरी केली ते वर्तमानपत्र मोबाइलवर वाचायचे आणि चुका काढायचे. त्या दिवशी त्यात त्यांच्याच थोरल्या बहिणीच्या निधनाची बातमी होती. ताई समोरच बसून पावाला लोणी लावत होती.

नाव तिचं, वय तिचं, फोटोही तिचाच. ताई पोट धरून हसली. "मला मारलं, पण शुद्धलेखन बिनचूक आहे हो!"

त्यांचं मात्र डोकं फिरलं. 'चूक कळवा'वर बोट ठेवलं की नुसतं चक्र फिरे. मग पासवर्ड मागे, मग जाहिरात येई, मग ॲपच बंद पडे. तीन दिवस हाच खेळ.

चौथ्या दिवशी शेजारीण येऊन रडली. ताई तिच्या पुढ्यात उभी राहिली. "अगं, मी आहे ना इथे!" शेजारणीने डोळे पुसले, ते तिच्या आरपार बघत. बेकरीवाल्याने ताईला सोडून मागच्या माणसाला पाव दिला. आठवडाभरात त्यांना स्वतःलाही तिचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

ते तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. ॲपचा प्रमुख त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो खुर्चीत रेलून हसला. "काका, ते सगळं आपोआप होतं. किती मनाला लावून घ्याल? चार दिवसांत लोक विसरतील."

"विसरलेच आहेत," ते म्हणाले.

त्याने स्क्रीनकडे तोंड वळवलं.

जिन्यात त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी चक्र फिरलं नाही. कोरा फॉर्म उघडला. 'चुकीचं नाव': त्यांनी ताईचं लिहिलं. 'योग्य नाव': ते त्यांनी रिकामं सोडलं. फॉर्म पुढे सरकेना. ही जागा भरणं आवश्यक आहे, असं लाल अक्षरांत आलं.

त्यांना ते खुर्चीत रेललेलं हसू आठवलं. त्यांनी प्रमुखाचं नाव लिहिलं, वेलांट्या तपासल्या आणि पाठवून दिलं.

घरी पोचले तर ताई दारातच. "होतास कुठे? शेजारीण तासभर डोकं खात बसली होती माझं!"

तीन दिवसांनी ते मुद्दाम कचेरीत गेले. नुसतं बघायला.

दाढी वाढलेला प्रमुख येणाऱ्याजाणाऱ्याला आडवा जात होता. कोणी थांबत नव्हतं. त्यांना पाहताच तो धावला.

"काका! मी दिसतोय ना तुम्हाला? बायकोने माझे कपडे बांधून ठेवलेत हो..."

त्यांनी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली.

"कोणाला भेटायचंय?" स्वागतिकेने विचारलं.

"कोणालाच नाही."

बाहीला ओढ बसली. अगदी हलकी. त्यांनी बाही सोडवून सारखी केली.

"काका..."

स्वागतिका दंड चोळत उठली. "गार झोत कुठून येतोय कोण जाणे," असं पुटपुटत तिने खिडकी लावून घेतली.